शून्य-शून्यची फळी

या, असे जवळ या. मागे कोणी अवघडून उभं असेल तर त्यालाही पुढे घ्या, थोडं सरकलं की जागा होते. आज एका चोरीची गोष्ट ऐकवायची आहे. घाबरू नका, ऐकून उठाल तेव्हा कोणाचाही ऊर जड झालेला नसेल, एवढा शब्द आधीच दिला.

१. रिकामी फळी

ते साल संपायला आठ दिवस उरले होते आणि शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडी एकच विषय होता, संगणकाचा. संगणक बनवणाऱ्यांनी पूर्वी जागा वाचवायला म्हणून सालाचे चार आकडे न घेता शेवटचे दोनच घेतले होते. नव्याण्णव संपलं की यंत्राला दिसणार शून्य-शून्य, आणि ते बिचारं समजणार की आपण शंभर वर्षं मागे गेलो. कोणी म्हणे दिवे जातील, कोणी म्हणे गाड्या जागच्या जागी थांबतील. ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता, त्यांचीही झोप उडाली होती.

व्यापारी मंडळाने मग एक बाई नेमल्या. त्यांच्याकडे वीस प्रश्नांचा कागद. दुकानोदुकानी, कारखान्या-कारखान्यांत जायचं, प्रश्न विचारायचे, तयारी पुरी असेल तर दाखल्यावर शिक्का मारायचा. लोक त्यांना तपासनीसबाई म्हणत. बाई पन्नाशीच्या, चालण्यात घाई नाही, बोलण्यात तिखट नाही, पण नजर अशी की शर्टाचं तुटलेलं बटण तीन टेबलांवरून दिसावं. एका बेकरीवाल्याने ‘तुमची तयारी कितपत?’ या प्रश्नापुढे ‘देवावर भरवसा’ असं लिहून दिलं होतं. बाईंना उत्तर मनापासून पटलं होतं, पण रकाना ‘हो’ किंवा ‘नाही’चा होता.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या एका बुटांच्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे काय, अठरा माणसं आणि एक अंगण. पण इथले बूट बाजारातल्यासारखे नव्हते. ज्यांचा पाय वाकडा आहे, एक पाय आखूड आहे, तळवा बसलेला आहे, बोटं गेलेली आहेत, अशांसाठी इथे बूट शिवत. त्यासाठी प्रत्येक माणसाच्या पायाबरहुकूम लाकडाचा पाय कोरून ठेवलेला असे. त्याला फर्मा म्हणत. फर्म्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं, शिवायचं. फर्मा असला की माणूस न येताही त्याचा बूट तयार होतो. फर्मा नसला, तर कारागीर कितीही हुशार असो, हात चोळत बसायचं.

बाई दारातून आत आल्या तेव्हा सगळेच हात चोळत बसले होते.

बाकावर शाळेतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड. डाव्या बुटाचा जाड तळ फाटून जबडा वासला होता आणि तो सुतळीने बांधलेला होता.

“या, बसा,” शिक्षिका म्हणाल्या. “माझा बूट बोलायला लागलाय, म्हणून दाखवायला आणला. तर इथे चोरी!”

“कसली चोरी?”

आतून मालक आले. साठीचे, सरळ माणूस, पण आज चेहरा उतरलेला. “ताई, तुम्ही आज यायला नको होतं. फर्म्यांच्या खोलीतली एक अख्खी फळी रिकामी झालीय. तेवीस जोड गेले. यांचाही त्यातच.”

“पुन्हा कोरता येणार नाहीत?”

मालकांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळा कारखाना त्यांना आबा म्हणे. चाळीस वर्षं इथला प्रत्येक फर्मा आबांनी कोरला होता. आबांनी समोरचा चहाचा कप उचलला आणि निम्मा चहा बशीत सांडला. हात पानासारखा थरथरत होता.

“दोन वर्षं झाली,” मालक हळूच म्हणाले. “आता नवा फर्मा त्यांच्याच्याने होत नाही. आहेत तेच घासूनपुसून वापरतो आम्ही.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “आणि मामा, चोर कोण ते कळूनही तुम्ही पोलिसांना बोलवत नाही!”

२. किल्ली

बोलणारा होता मालकांचा भाचा. कडक इस्त्रीचा, हातात मोठी वही. त्याच्या मागे जिन्याच्या पायरीवर एक बाई बसल्या होत्या, त्या फर्म्यांच्या खोलीच्या राखणदार. एकोणीस वर्षं खोलीची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. सगळे त्यांना मावशी म्हणत.

“किल्ली एकच,” भाचा म्हणाला. “कुलूप शाबूत. किल्ली मावशींकडे. यापुढे काय शोधायचं राहिलं?”

“एवढं गणित येतं बरं का भाचेसाहेबांना,” मावशी खाली बघत म्हणाल्या. “एकोणीस वर्षांत एक खिळा घरी नेला नाही मी. आणि आता लाकडाचे तेवीस जोड पाय नेऊन काय करू? नातीला खेळायला देऊ?”

मालक मध्ये पडले. “संध्याकाळी पाचची घंटा होईपर्यंत थांबू. तोवर काही कळलं नाही, तर... तर मग माझा इलाज नाही.” मावशींकडे बघायचं त्यांनी टाळलं.

तपासनीसबाईंनी वीस प्रश्नांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. हे त्यांचं काम नव्हतं. पण पायरीवर बसलेल्या त्या बाईचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते, आणि असे हात बघून उठून जाणं काहींना जमत नाही.

“मावशी, खोली दाखवता?”

खोली अरुंद, लांब. दोन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर ओळीने लाकडी पाय. लहान, मोठे, वाकडे, चवड्यावर टेकलेले. जणू कितीतरी माणसं पाय इथे ठेवून भजनाला आत गेली असावीत. प्रत्येक जोडाच्या दोरीला बोटाच्या पेराएवढा पितळी बिल्ला, बिल्ल्यावर ठोकलेला आकडा.

“हा आकडा कशाचा?”

“सालाचा. बूट दोन वर्षं टिकतो. म्हणजे पुढचा जोड ज्या साली करायचा, ते साल. अठ्ठ्याण्णवमध्ये बूट नेला तर बिल्ल्यावर शून्य-शून्य, यंदा नेला तर शून्य-एक. या शाळेतल्या बाईंचा शून्य-शून्य. बूट लवकर फाटला म्हणून आठ दिवस आधी आल्या, नाहीतर कोणाला कळलंही नसतं.”

“तुम्ही खोली शेवटची कधी बंद केलीत?”

“सोमवारी संध्याकाळी. लेकीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून निरोप आला आणि मी पळाले. मुलगी झाली तिला, मंगळवारी पहाटे.” मावशींचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा विझला. “आज सकाळी आले, शाळेतल्या बाईंचा फर्मा काढायला कुलूप उघडलं, तर ही फळी अशी.”

“कोणावर संशय?”

मावशींनी रिकाम्या फळीवर हात फिरवला. बाईंनी पुन्हा विचारलं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

“असला तरी सांगणार नाही, ताई. माझं काय व्हायचं ते होवो. म्हातारपणी कोणावर चोर म्हणून तोंड दाखवायची वेळ येऊ नये.”

म्हातारपणी! बाई चमकल्या. त्या कारखान्यात म्हातारं माणूस एकच होतं.

३. तीन माणसं

आबा खिडकीतून हलले नव्हते.

“हो, म्हणालो होतो मी,” त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. “गेल्या आठवड्यात हा भाचा म्हणाला की नव्या यंत्राचे फर्मे आणू, हे जुने ओंडके काढा. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, माझे फर्मे माझ्याबरोबरच जातील. रागात म्हणालो. तेव्हापासून ती खुळी मावशी माझ्याकडे अशी बघते, जसं मी चितेवर तेवीस जोड घेऊन झोपणार आहे.”

“नेलेत का तुम्ही?”

आबांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत राहिले. “पोरी, मला चहाचा कप नेता येत नाही.”

मग भाचा. तो सोमवारपासून बुधवारपर्यंत दुसऱ्या गावी यंत्रांचं प्रदर्शन बघायला गेला होता. तिकिटं त्याने वहीला टाचणीने लावून ठेवली होती.

“मला फर्मे घालवायचे असते ना, तर सगळेच घालवले असते,” तो म्हणाला. “एकच फळी कशाला? अर्धवट काम मला आवडत नाही.”

बोलला गुर्मीत, पण बाईंच्या मनात ते वाक्य काट्यासारखं अडकलं. एकच फळी कशाला? शेजारची शून्य-एकची फळी तर गच्च भरलेली होती. चोराला लाकूड हवं होतं तर ते तिथे जास्त होतं. कोणाचं नुकसान करायचं होतं तर दोन्ही फळ्यांनी दुप्पट झालं असतं.

तिसरा होता संगणकवाला. बाहेरचा माणूस, या कारखान्याचा संगणक नव्या सालासाठी तयार करून द्यायला महिनाभर येत होता. बोलायला लागला की तो ‘एक तारखेला’ अशी सुरुवात करी आणि पुढे काहीतरी भयंकर सांगे. म्हणून कारागिरांनी त्याचं नाव ठेवलं होतं प्रलयराव.

“एक तारखेला बघा तुम्ही,” प्रलयराव म्हणाले. “वीज जाणार, पाणी जाणार, लाकडाच्या गाड्या येणार नाहीत. मी मालकांना बजावलंय, सगळ्याचा साठा करा. मेणबत्त्या मी स्वतः दोन पिशव्या घेतल्यात.”

“फर्म्यांच्या खोलीत तुम्ही गेला होता?”

“सोमवारी दुपारी. मावशी समोर उभ्या होत्या. एकेक जोड मोजून संगणकात भरला. ही यादी घ्या. सत्त्याण्णवचे सहा, अठ्ठ्याण्णवचे नऊ, नव्याण्णवचे अकरा, दोन हजारचे तेवीस, दोन हजार एकचे एकतीस. आणि बघा, चार-चार आकड्यांत. एकोणीसशे, दोन हजार. आमच्या बाजूने चूक व्हायला जागाच नाही!”

“संगणक तयार आहे म्हणायचा.”

“शंभर टक्के. हवं तर तुमचे वीसही प्रश्न विचारा.”

घड्याळात सव्वातीन झाले होते. बाकावर शिक्षिका मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. बाई शेजारी टेकल्या.

“तुम्ही घरी का जात नाही?”

“कशी जाऊ? सुतळी येतानाच निम्मी तुटली.” शिक्षिका हसल्या. मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू? मी उठून गेले ना, तर त्या मावशींच्या बाजूला बसणारं कोणी उरत नाही. सहा वर्षांची होते तेव्हा या बाईने मला पहिला बूट घालून दिला. नाडी बांधायलाही तिनेच शिकवलं. ती चोर असेल तर मी पळण्याच्या शर्यतीत पहिली येईन.”

४. सातवा प्रश्न

चार वाजले. बाई यादी घेऊन पुन्हा त्या खोलीत गेल्या आणि फळीफळीने मोजू लागल्या. शून्य-एकचे एकतीस, बरोबर. नव्याण्णवचे अकरा, बरोबर. अठ्ठ्याण्णवचे नऊ. सत्त्याण्णवचे सहा, त्यांच्यावर बोटभर धूळ.

“मावशी, हे सहा जण कोण?”

“जे आलेच नाहीत. गाव सोडून गेले असतील, नाहीतर देवाघरी. दोन वर्षं वाट बघतो, मग काढून टाकतो. दर वर्षअखेरीला मीच काढते. यंदा नातीच्या गडबडीत राहूनच गेलं बघा.”

“काढायचे कसे, ते कोणी ठरवलं?”

मावशींनी दारावरच्या पाटीकडे मान केली. मालकांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली ती पाटी होती. चाळीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणजेच कोणालाही दिसत नव्हती. ‘वर्षअखेर सर्वांत लहान आकड्याचे फर्मे काढून भट्टीला द्यावेत.’

बाई पाटीखाली उभ्या राहिल्या. त्यांनी पर्स उघडली आणि वीस प्रश्नांचा कागद काढला. सातवा प्रश्न: ‘सालाचे दोनच आकडे लिहिणारे एखादे यंत्र आपल्याकडे आहे काय?’ मालकांनी चार दिवसांपूर्वी टपालाने उत्तर पाठवलं होतं: नाही.

खरंच तर होतं. यंत्र नव्हतं.

त्यांनी जवळच्या फळीवरचा एक बिल्ला बोटांत धरला. पितळी, पेराएवढा, चार आकडे मावले नसते असा. शून्य-एक.

“मावशी,” बाईंचा आवाज बदलला. “या खोलीला दुसरं दार आहे?”

“मागे आहे की, त्या चामड्याच्या चौकटींच्या आड. सुकवणीच्या खोलीत उघडतं, भट्टी आहे तिथे. पण त्याची कडी तिकडून आहे, आणि ते उघडतं फक्त...” मावशी थांबल्या. त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. “वर्षअखेरीला. भट्टीवाला फर्मे न्यायला येतो तेव्हा.”

बाई चौकटींमागे वाकल्या. दाराच्या उंबऱ्याशी धुळीत एक अर्धवर्तुळ स्वच्छ पुसलं गेलं होतं. दार उघडताना पुसलं जातं तसं. कडेला पोतं ओढल्याचा पट्टा.

“मालकांना बोलवा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना बोलवा. पळा!”

५. धूर

अंगणातून पळताना बाईंनी जे सांगितलं ते असं तुकड्यातुकड्यांत.

“ज्याने फर्मे नेले, त्याने आकडा बघून नेले. एक जोड कमी नाही, एक जास्त नाही. चोर असं मोजूनमापून एकाच आकड्याचं काही नेत नाही. असं करतो तो नियम पाळणारा माणूस.”

“कसला नियम?” मालक धापा टाकत म्हणाले.

“तुमच्याच वडिलांचा! सर्वांत लहान आकडा काढायचा. मावशी दरवर्षी पंच्याण्णव, शहाण्णव असं काढत आल्या, कारण त्यांना ठाऊक आहे की शून्य-शून्य म्हणजे पुढचं साल. पण यंदा त्या नव्हत्या. दुसऱ्या कोणी फळ्यांवरून नजर फिरवली, तर सगळ्यांत लहान आकडा कोणता दिसेल?”

प्रलयराव अंगणाच्या मधोमध थबकले. “अरे देवा! संगणकाने जे करू नये म्हणून मी महिनाभर...”

“ते माणसाने केलं. तुम्ही संगणकाला चार आकडे शिकवलेत. बिल्ल्यांना कोणी शिकवले नाहीत.”

आणि तेव्हा सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं. सुकवणीच्या खोलीच्या धुराड्यातून जाड, निळसर धूर निघत होता.

“लाकडाचा धूर,” आबा मागून म्हणाले. ते भिंत धरत धरत आले होते. “सुकं, जुनं लाकूड.”

मावशींनी तोंडावर हात घेतला. मालकांना दार उघडवेना. शेवटी तपासनीसबाईंनीच मनात देवाचं नाव घेऊन दार ढकललं.

आत ऊब होती, टांगलेल्या चामड्यांचा वास होता आणि भट्टीपुढे एक आडदांड माणूस उकिडवा बसून लाकडी खोकं तोडत होता. भट्टीवाला. अंगाने पहाड, बोलणं मोजकं. खाली बसून मोडक्या खोक्याच्या फळ्या आगीत सारत होता.

“या दोन दिवसांत तू फर्म्यांच्या खोलीतून काय काढलंस रे?” मालकांनी विचारलं.

“जुने फर्मे,” तो सहज म्हणाला. “दरवर्षीचे.”

“आणि सकाळपासून आरडाओरडा चालला आहे तो ऐकला नाहीस?”

“ऐकला की. पुढच्या सालचे फर्मे गेले म्हणत होते. मी म्हटलं, मी तर सगळ्यांत जुने काढले, मला काय विचारतील? विचारलंही नाही कोणी.” त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि हातातली फळी खाली ठेवली. “काय झालं?”

“कोणत्या आकड्याचे काढलेस?”

“शून्य-शून्यचे. शून्याहून लहान काय असतं, ताई? जरा जास्त निघाले यंदा, तेवीस जोड. मला वाईटच वाटलं. म्हटलं, एवढी माणसं गेली या साली.”

भट्टीत एक फळी तडकली.

मावशी पुढे झाल्या. “पण मी सांगितल्याशिवाय कसे काढलेस रे बाबा?”

“तुम्ही लेकीकडे होता. रात्रभर जागून याल, दमून याल, आणि आल्या आल्या शिडीवर चढून फळ्या उपसाल. म्हटलं, तेवढं तरी करून ठेवावं.” तो उभा राहिला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. “चुकलं का काही?”

“जाळलेस?” हे बाईंनी विचारलं, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

“नाही,” भट्टीवाला म्हणाला.

“नाही?”

“मालकांनीच सांगितलं ना, एक तारखेला लाकडाच्या गाड्या येणार नाहीत, साठा करा. फर्म्याचं लाकूड एक नंबर, तासभर धगधगतं. ते आत्ता कशाला जाळू? आत्ता खोकी जाळतो. ते राखून ठेवलेत.” त्याने कोपऱ्यातल्या ताडपत्रीचं टोक उचललं. खाली चार पोती, तोंडं बांधलेली, नीट रचलेली.

६. पाचची घंटा

पहिलं पोतं भाच्याने सोडलं. कडक इस्त्रीच्या शर्टावर भुसा, राख, सगळं सांडलं, पण त्याला भान नव्हतं. एकेक जोड तो बाहेर काढू लागला आणि मोजू लागला, आणि सगळे त्याच्याबरोबर मोठ्याने मोजू लागले, शाळेतल्या पोरांसारखे. बाविसाव्याला त्याचा आवाज अडखळला. तेविसाव्याला आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि हसत हसत रडू लागले.

“मावशी,” भाचा गुडघ्यांवर बसूनच म्हणाला, “मी सगळ्यांसमोर बोललो. तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागतो. चुकलं माझं.”

“चुकलंच,” मावशी म्हणाल्या. “मग आता उचला ती पोती. चारही. आणि फळीवर लावताना उजवा-डावा बघून लावा, नाहीतर लोक वर्षभर तिरके चालतील.” आणि मग त्यांनाच हसू फुटलं, असं की पदर पुरेना. डोळे पुसून त्या आबांकडे वळल्या. “मला वाटलं होतं, तुम्हीच...”

“ठाऊक आहे काय वाटलं होतं,” आबा म्हणाले. “आणि तरी दिवसभर माझं नाव घेतलं नाहीस. खुळी ती खुळी.”

भट्टीवाला मात्र कोपऱ्यात उभा होता, अपराध्यासारखा, एवढा मोठा माणूस एवढासा होऊन. मालक त्याच्याकडे गेले. रागावणार होते, पण जवळ गेल्यावर त्यांचा हात त्याच्या खांद्यावरच पडला. “अरे, विचारायचं तरी!”

“लहान आकडा काढायचा, यात विचारायचं काय, मालक?”

“तेही खरंच,” मालक म्हणाले. “मी पण सातव्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलंच की न विचारता.”

आणि प्रलयराव? त्या माणसाने महिनाभरात प्रथमच एक तारखेचं सोडून आजचं काही विचारलं. “म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “मी घाबरवलं नसतं, तर आज राख उरली असती?”

“हो,” तपासनीसबाई म्हणाल्या. “तुमच्या भीतीने वाचवलं. पण एवढ्यावर सवय लावून घेऊ नका.”

घंटा झाली तेव्हा ती कोणी ऐकलीच नाही. शिक्षिकेला बाकावरून उठवून आत आणलं होतं. आबांनी तिचा फर्मा मांडीवर घेतला, त्यावरची राख फडक्याने पुसली आणि थरथरत्या अंगठ्याने टाचेवरून एकदा हात फिरवला. नवी टाच कुठे वाढवायची ते त्यांनी तोंडाने सांगितलं, आणि जवळच्या कारागिराने खूण केली. तीस तारखेला बूट तयार झाला. शिक्षिका तो घालून अंगणात एक फेरी मारून आल्या, आणि मावशींनी त्यांना नाडी बांधू दिली नाही. स्वतःच बांधली.

दाखल्यावर शिक्का त्या दिवशी नाही बसला. बाईंनी मालकांना सांगितलं, आधी मोठे बिल्ले करा. दोन दिवसांत केलेही, चार आकड्यांचे, कपबशीतल्या बशीएवढे. भाच्याने स्वतः हातोडी घेऊन सगळे ठोकले. मग बाईंनी शिक्का मारला आणि आपल्या कागदावर तळाशी पेनाने एकविसावा प्रश्न लिहिला: ‘आपल्याकडची माणसे साल कसे लिहितात?’ उरलेल्या दिवसांत त्या प्रश्नाने तीन ठिकाणी चूक सापडली. एक धोबीखाना, एक छापखाना आणि तो बेकरीवाला.

साल बदललं. दिवे गेले नाहीत, पाणी गेलं नाही, लाकडाची गाडी ठरल्या वेळी दारात येऊन उभी राहिली. लोक एकमेकांकडे बघून हसले आणि कामाला लागले. त्या हसण्यात किती माणसांचं महिनोन्महिन्यांचं जागरण होतं, किती वीस-वीस प्रश्न होते, ते कोणी मोजलं नाही. मोजायची गरजच पडली नाही, यासारखं सुख नाही.

आता उठाल, घरी जाल. जाताना एवढं करा. त्या कारखान्यात पुढे कितीतरी वर्षं भट्टीवाल्याला ‘काय रे शून्य!’ म्हणून चिडवत, आणि तो मान खाली घालून हसे. तो आता नाही. त्याची ती चूक सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण एक दमलेली बाई कामावर येईल, तिला शिडी चढावी लागू नये, एवढ्यासाठी त्याने कोणी न सांगता ती पोती भरली, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. आज दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा तुमच्या माणसांच्या रांगेत त्यालाही क्षणभर उभा करा. त्याची आठवण ठेवा.